रोव्हर्स चषक आणि 1923 साल

एरंडोलास अंजनी नदीच्या कांठीं सकाळीं फिरावयास जाण्याचा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. अलीकडे त्या वाटेवर एक दृश्य मला नित्य दिसतें. नदीलगतच्या पडीक जमिनीवर दहा-बारा मुलगे फुटबॉल खेळत असतात. गोलाच्या खांबांच्या जागीं दोन दोन दगड मांडलेले असतात, आणि चेंडू पाण्यांत गेला कीं तो कोणीं आणावयाचा या वादांत खेळाहून अधिक वेळ मोडतो. त्यांतील एक माझ्या वर्गांतला विद्यार्थी आहे. त्याच्या अंगांत माद्रिदच्या विख्यात संघाचा पांढरा सदरा असतो. एके दिवशीं तो डोळे चोळीत माझ्याशीं बोलावयास आला. मीं कारण विचारलें तेव्हां म्हणाला, “सर, काल रात्रीं सामना होता. पहांटे तीनपर्यंत जागा होतों.” युरोपांतील क्लबांच्या त्या स्पर्धेची सारी वंशावळ त्याला मुखोद्गत होती. कोणत्या सालीं कोण जिंकला, कोणीं किती गोल केले, हें त्यानें मला नदीच्या पुलापर्यंत ऐकविलें, आणि शेवटीं सहज म्हणाला, “आपल्याकडे असें कांहीं कधीं नव्हतेंच ना, सर?”

मीं म्हटलें, “होतें रे बाबा. तुझ्या या स्पर्धेहून चौसष्ट वर्षांनीं वडील होतें, आणि तें मुंबईंत होतें.”

त्या मुलास जें तुटक सांगितलें तेंच येथें जरा विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे. कारण त्याचा प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हे. क्रिकेटच्या चौरंगी सामन्यांविषयीं आमच्या सुशिक्षित घरांतून आजहि बोललें जातें. पळवणकर बंधु, प्रोफेसर देवधर, कर्नल नायडू हीं नांवें आजोबांकडून नातवांपर्यंत येऊन पोंचलीं आहेत. पण त्याच मुंबईंत, त्या जिमखान्यांच्या मैदानांपासून हांकेच्या अंतरावर, कूपरेजवर ज्याचे सामने पिढ्यान् पिढ्या रंगले त्या रोव्हर्स चषकाचें नांव काढलें तर पदवीधर मनुष्यहि कपाळास आठ्या घालतो. एकशें दहा वर्षें चाललेली गोष्ट इतक्या लौकर विसरली जावी याचें मला नवल वाटतें, आणि थोडें वाईटहि वाटतें.

रोव्हर्स चषकाचा आरंभ 1891 सालचा. त्यापूर्वीं तीन वर्षें, 1888 सालीं, सर मॉर्टिमर ड्युरँड यांनीं सिमल्यास आपल्या नांवाचा चषक सुरू केला होता. रोव्हर्सनंतर दोन वर्षांनीं, 1893 सालीं, कलकत्त्याची आय. एफ. ए. ढाल आली. हिंदुस्थानांतील फुटबॉलचीं हीं तीन जुनीं मानचिन्हें पांच-सहा वर्षांच्या आंत निर्माण झालीं, आणि तिन्ही इंग्रजांनीं आपल्या सोयीसाठीं निर्माण केलीं. गोरा शिपाई छावणींत रिकामा बसला म्हणजे तो दारूकडे, जुगाराकडे आणि इस्पितळाकडे वळतो हा वरिष्ठांचा जुना अनुभव. त्याला दमविण्यास फुटबॉलइतका स्वस्त उपाय दुसरा नव्हता. क्रिकेटला गुळगुळीत खेळपट्टी हवी, पांढरा पोषाख हवा, दोन-तीन दिवसांची सवड हवी. पोलोला तर घोडा हवा. फुटबॉलला एक चेंडू, एक माळ आणि एक तास एवढें भांडवल पुरे. लष्कर आणि मैदानी दोस्ती यांचें नातें आम्हां खानदेशकरांस अपरिचित नाहीं. 1825 सालीं औट्रम साहेबानें आमच्या जुन्या एरंडोल तालुक्यांतील धरणगांवीं भिल्लांची पलटण उभी केली, ती आधीं त्यांच्याबरोबर रानांत शिकारीस हिंडून, त्यांचा विश्वास संपादून. शिस्तीपूर्वीं खेळ, ही राज्यकर्त्यांची जुनी युक्ति आहे. असो.

पहिल्या वर्षींचा रोव्हर्स चषक वूस्टरशायर रेजिमेंटनें जिंकला. पुढें सेहेचाळीस वर्षें तो गोऱ्या संघांच्याच हातांत राहिला. आज कुलाब्यास असलेली पलटण उद्यां वायव्य सरहद्दीवर जाई, तिच्या जागीं दुसरी येई, आणि चषक तिच्या कपाटांत जाऊन बसे. या दीर्घ काळाचा इतिहास म्हणजे रेजिमेंटांच्या नांवांची यादी आहे. ती वाचून कोणाचेंहि काळीज हालत नाहीं, म्हणून मी ती येथें देत नाहीं. माझें लक्ष खिळतें तें 1923 या एका वर्षावर.

तें समजण्यास बारा वर्षें मागें जावें लागतें. 29 जुलै 1911 रोजीं कलकत्त्यास मोहन बागान या बंगाली संघानें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा 2-1 असा पराभव करून आय. एफ. ए. ढाल जिंकली. संघनायक शिबदास भादुडी. अकरांपैकीं दहा जण अनवाणी खेळले. एकाच्याच पायांत बूट होते. वंगभंगाच्या चळवळीनें पेटलेल्या बंगालनें हा विजय केवळ खेळाचा मानला नाहीं, हें सांगावयास नकोच. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बादशहांनीं दिल्ली दरबारांत फाळणी रद्द केली व राजधानी कलकत्त्याहून हलविली. या दोन गोष्टींचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह पुष्कळ लेखकांस होतो. तो जोडण्यास आधार नाहीं. परंतु एका वर्षांत दोन्ही घडल्यामुळें लोकांच्या मनांत त्या एकमेकींस चिकटून बसल्या, आणि लोकांच्या मनांत काय चिकटतें हाहि इतिहासाचाच एक भाग आहे.

या मोहन बागानला 1923 सालीं रोव्हर्स चषकासाठीं मुंबईस बोलावण्यांत आलें. तोंवर कोणत्याहि हिंदी मुलकी संघाचा या स्पर्धेंत शिरकाव झालेला नव्हता. संघाचे नायक होते गोष्ठ पाल. बचावाच्या जागीं हा धिप्पाड पुरुष अनवाणी उभा राही, आणि बुटांच्या लाथा खाऊन जागचा हालत नसे. लोक त्याला चीनची भिंत म्हणत. पुढें स्वतंत्र भारताच्या सरकारनें 1962 सालीं त्यांना पद्मश्री दिली; फुटबॉल खेळाडूस मिळालेला तो पहिला सन्मान.

या प्रवासाचा विचार माझ्या मनांत पुष्कळदां येतो. कलकत्त्याहून मुंबईस आगगाडीनें यावयाचें तर मार्ग दोन: एक अलाहाबाद-जबलपुरावरून, दुसरा नागपुरावरून. दोन्ही मार्ग भुसावळास एकत्र मिळतात. अर्थात् ते अकरा बंगाली कोणत्याहि मार्गानें आले असोत, भुसावळ आणि जळगांव हीं स्टेशनें ओलांडल्यावांचून त्यांची गाडी मुंबईस पोंचणें शक्य नव्हतें. सुमारें दोन हजार किलोमीटरांचा तो प्रवास. माद्रिद ते पॅरिस हें अंतर त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. युरोपांत 1927 पासून मध्यभागांतील कांहीं देशांच्या क्लबांसाठीं मित्रोपा चषक खेळला जाई हें खरें. पण सबंध खंडाची म्हणावी अशी स्पर्धा तेथें 1955 सालीं सुरू झाली. आमच्या या खंडप्राय देशांत एका टोंकाचा क्लब दुसऱ्या टोंकास जाऊन मानाच्या चषकासाठीं झगडत होता तो 1923 सालीं. आणि तोहि परक्यांच्या राज्यांत, परक्यांच्या स्पर्धेंत.

मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेथें डरहॅम लाइट इन्फंट्रीनें त्याला 4-1 असें हरविलें. एवढाच निकाल. 1911 ची पुनरावृत्ति झाली नाहीं, कोणी गीतें रचलीं नाहींत, आणि म्हणूनच बहुधा ही हकीकत महाराष्ट्राच्या स्मृतींत टिकली नाहीं. पराभवाची आठवण ठेवण्याची आम्हांस संवय आहे, पण ती पानिपताएवढी मोठी असेल तरच.

आतां त्याच वर्षींची, त्याच शहरांतली दुसरी गोष्ट पाहा. 1923 सालचे क्रिकेटचे चौरंगी सामने हिंदूंच्या संघानें जिंकले, आणि त्या संघाचे नायक होते विठ्ठल पळवणकर. ही गोष्ट लिहावयास एक ओळ लागते. घडावयास वीस वर्षांहून अधिक लागलीं. विठ्ठलांचे वडील बंधु बाळू हे चांभार समाजांत जन्मलेले. पुण्यास गोऱ्यांच्या क्लबांत खेळपट्टीची देखभाल करतां करतां ते साहेबांस गोलंदाजी करूं लागले, आणि त्यांची डाव्या हाताची गोलंदाजी पाहून हिंदूंच्या क्लबास त्यांना घेणें भाग पडलें. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यांत मिळे. 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरावर बळी घेतले. तरीहि हिंदु संघाचें नायकपद त्यांच्या वांट्यास कधीं आलें नाहीं. 1920 सालीं या अन्यायाच्या निषेधार्थ विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या भावांनीं संघांतून अंग काढून घेतलें, तेव्हां मुंबईंत मोठी खळबळ उडाली. त्यानंतर तीन वर्षांनीं विठ्ठल नायक झाले.

हीं दोन चित्रें मी शेजारीं शेजारीं ठेवतों तीं तुलनेसाठीं. क्रिकेटच्या त्या सामन्यांत शिरावयाचें तर जातिधर्माच्या दारानें शिरावें लागे. संघांचीं नांवेंच युरोपियन, पारशी, हिंदु, मुसलमान. ज्याला यांपैकीं कोणींच आपला म्हटलें नाहीं त्याला 1937 पर्यंत दारच नव्हतें. मग ‘इतर’ नांवाचा पांचवा संघ निघून सामने पंचरंगी झाले. रोव्हर्सचें दार क्लबाचें होतें. तें दीर्घकाळ बंद होतें, आणि उघडलें तेंहि निमंत्रणानें. पण एकदां आंत आल्यावर मोहन बागान हा मोहन बागान म्हणूनच खेळला. यावरून फुटबॉल जातिभेदातीत होता असें मात्र कोणीं समजूं नये. मोहन बागान भद्रलोकांचा, मोहमेडन स्पोर्टिंग मुसलमानांचा, ईस्ट बंगाल पूर्वेकडून आलेल्यांचा, हें सर्व होतेंच. फरक इतकाच, कीं स्पर्धेच्या नियमांनीं तो भेद कोणावर लादलेला नव्हता. मला हा फरक लहान वाटत नाहीं. माझ्या कित्येक मित्रांस तो वाटतो, आणि त्यांच्याशीं माझा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

1937 सालीं हा चषक प्रथमच हिंदी संघाच्या हातीं आला. अंतिम सामन्यांत दोन्ही बाजूंस हिंदी संघ होते: बंगळूर मुस्लिम्स आणि कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. मोहमेडन त्या वेळीं अजिंक्य मानला जाई. कलकत्त्याची लीग त्यानें 1934 पासून 1938 पर्यंत लागोपाठ पांच वर्षें जिंकली. पण मुंबईंत बंगळूरच्या संघानें त्याला एका गोलानें हरविलें, आणि पुढच्या वर्षीं आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स या गोऱ्या पलटणीसहि नमवून चषक राखला. मोहमेडननें त्याची फेड 1940 सालीं केली. त्याच वर्षीं ड्युरँडहि जिंकून आणला. गंमत अशी, कीं ज्या 1937 सालीं रोव्हर्सनें सीमा ओलांडली त्याच सालीं क्रिकेटचे पंचरंगी सामने नव्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले, आणि बैठकींच्या वांटणीवरून रुसून हिंदूंचा संघ त्या वर्षीं खेळलाच नाहीं. पुढें 1940 सालीं महात्माजींनीं अशा जातवार सामन्यांविषयीं आपली नापसंती स्पष्ट बोलून दाखविली. 1946 सालीं ते बंद पडले.

अनवाणी खेळाची गोष्ट येथें पुरी करून टाकतों. 1942 सालीं रोव्हर्स चषक जिंकला तो बाटा या पादत्राणांच्या कारखान्याच्या संघानें! पण हिंदी पाय एवढ्यानें बुटांत शिरले नाहींत. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्यें आमचे बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले आणि फ्रान्सकडून 2-1 असे थोडक्यांत हरले. 1952 सालीं हेलसिंकीस युगोस्लाव्हियानें 10-1 असा धुव्वा उडविल्यावर मात्र डोळे उघडले, आणि बूट सक्तीचे झाले.

यानंतरचीं पांच वर्षें रोव्हर्सच्या इतिहासांतील सर्वांत वैभवाचीं मीं मानतों. 1950 पासून 1954 पर्यंत लागोपाठ पांच वेळां हैदराबाद सिटी पोलीस या संघानें चषक जिंकला. तेव्हांचें हैदराबाद राज्य म्हणजे केवळ तेलंगण नव्हे. आमचा मराठवाडा 1956 पर्यंत त्याच राज्यांत होता. या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशानें शाळामास्तर. पोलिसांच्या शरीरांत बळ होतेंच. रहीमसाहेबांनीं त्यांना चेंडू पायाशीं न धरतां तो ताबडतोब सहकाऱ्याकडे देण्याची, आणि दोन्ही पायांनीं खेळण्याची संवय लावली. त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं भारत 1951 व 1962 सालीं आशियाई सामन्यांत सुवर्णपदकाचा मानकरी झाला, आणि 1956 सालीं मेलबर्न ऑलिंपिकमध्यें चौथा आला. 1962 च्या विजयानंतर वर्षाच्या आंत, 1963 च्या जूनमध्यें, रहीम वारले. त्यांच्या मागें भारतीय फुटबॉल कोठें गेला हें वाचक जाणतातच.

माझ्या विद्यार्थ्यास मीं हेंच प्रथम सांगितलें. कारण त्याच्या माद्रिदची कीर्ति याच पांच आंकड्यावर उभी आहे. 1955 सालीं फ्रान्समधील ‘लेकिप’ या क्रीडापत्राच्या आणि त्याचे संपादक गाब्रिएल हानो यांच्या पुढाकारानें युरोपियन चषक सुरू झाला. सोळा क्लब बोलाविले गेले. इंग्लंडचा विजेता चेल्सी तेथील लीगच्या मनाईमुळें उतरलाच नाहीं. इंग्रजांस आपल्या बेटाबाहेर फुटबॉल आहे हें पटावयास नेहमींच उशीर लागतो. पहिला सामना 4 सप्टेंबर 1955 रोजीं लिस्बनला झाला. 13 जून 1956 रोजीं पॅरिसला अंतिम सामना. फ्रान्सच्या रांस क्लबानें दहा मिनिटांतच दोन गोलांची आघाडी घेतली, आणि तरीहि रियल माद्रिदनें तो 4-3 असा जिंकला. पुढें 1960 पर्यंत चषक दुसऱ्या कोणास मिळालाच नाहीं. 1960 चा अंतिम सामना ग्लासगोस सव्वा लाखांहून अधिक लोकांनीं पाहिला, व माद्रिदनें फ्रांकफुर्टच्या संघास 7-3 असें बुडविलें. डि स्टेफानो आणि पुस्कास यांचें नांव तेव्हांपासून जगाच्या तोंडीं आहे. त्यांच्या आधीं दोनच वर्षें ज्यांनीं आपली पंचवार्षिक राजवट पुरी केली होती त्या हैदराबादच्या शिपायांचीं नांवें हैदराबादेंत तरी किती जणांस ठाऊक आहेत?

आणि 1955 सालींच, लिस्बनला तो पहिला चेंडू उडाला त्याच वर्षीं, मोहन बागाननें अखेर रोव्हर्स चषक जिंकला. डरहॅमच्या पलटणीकडून हरून बत्तीस वर्षें लोटलीं होतीं. पलटण गेली होती, राज्य गेलें होतें, आणि समोर मोहमेडन स्पोर्टिंग होता.

या साऱ्यांत मुंबईकर कोठें होते, असें वाचक विचारतील. ते होते, पण आमच्या सुशिक्षित मराठी वस्त्यांतून नव्हते. मुंबईंतील फुटबॉल मुख्यत्वें गोमंतकीयांनीं व इतर ख्रिस्ती तरुणांनीं उचलला, आणि नंतर कंपन्यांनीं व गिरण्यांनीं पोसला. 1958 सालीं कॅल्टेक्स कंपनीच्या संघानें, 1965 सालीं मफतलालच्या संघानें रोव्हर्स चषक मुंबईंत ठेविला. नेव्हिल डिसोझा हा गोमंतकीय कुळांतला मुंबईकर. मेलबर्नला 1956 च्या डिसेंबरांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताच्या चार गोलांपैकीं तीन त्यानें एकट्यानें केले. ऑलिंपिकच्या एका फुटबॉल सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. मी विद्यार्थिदशेंत एकदां कूपरेजवर स्वस्तांतल्या बांकावर बसलों असतां शेजारच्या एका वृद्ध गोमंतकीयानें मध्यंतरांत, आणि मध्यंतर संपल्यावरहि, मला या नेव्हिलचे गोल हातवारे करून दाखविले होते. समोरचा सामना आम्हां दोघांसहि नीट दिसला नाहीं.

आमचा पांढरपेशा वर्ग या खेळापासून दूर कां राहिला याचें कारण मला द्रव्याच्या अभावांत दिसत नाहीं. फुटबॉल तर स्वस्त खेळ. कारण असें दिसतें, कीं आमच्या समोर दोन रस्ते होते, आणि दोहोंवरहि प्रतिष्ठा होती. एक क्रिकेटचा, जो साहेबाकडे व कॉलेजाकडे जाई. दुसरा देशी खेळांचा, ज्याला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें खोखोसारख्या खेळांचे नियम बांधून आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें 1936 सालीं बर्लिनपर्यंत पथक नेऊन स्वाभिमानाचें रूप दिलें. फुटबॉल ना साहेबी, ना स्वदेशी. तो शिपायांचा.

अपवाद एक, आणि तो लखलखीत आहे: कोल्हापूर. तेथें कुस्तीच्या तालमींनींच फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम हीं फुटबॉल संघांचीं नांवें आहेत असें परक्या माणसास सांगून खरें वाटत नाहीं. शाहू स्टेडियमवर पेठेचा पेठेशीं सामना असला म्हणजे दुकानांच्या फळ्या लौकर लागतात. या शहरास रोव्हर्स चषकाची गरज लागली नाहीं. युरोपांतले क्लब ज्या मातींत वाढले ती माती, म्हणजे आळी, गल्ली, शेजारच्या गल्लीशीं पिढीजात हाडवैर आणि सामन्यानंतर एकत्र चहा, त्याच्यापाशीं आधींच होती.

रोव्हर्सचा अखेरचा चषक 2000-01 च्या हंगामांत मोहन बागाननें जिंकला. जो हिंदी संघ प्रथम आंत आला त्याच्याच हातून दार ओढलें गेलें. 1996 सालीं राष्ट्रीय लीग सुरू झाली होती, क्लबांस जुन्या चषकांसाठीं सवड उरली नव्हती, आणि प्रेक्षक घरीं दूरदर्शनवर इंग्लंड-स्पेनचे सामने पाहूं लागले होते. ड्युरँडचा चषक लष्कराच्या आश्रयामुळें टिकून राहिला. रोव्हर्सला तसा धनी नव्हता.

हें सर्व ऐकून झाल्यावर माझा विद्यार्थी कांहीं वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, “सर, ती मोहन बागानची गाडी भुसावळास थांबली असेल ना?”

“थांबली असणारच,” मीं म्हटलें, “इंजिनास पाणी लागतें.”

“मग त्यांनीं केळीं घेतलीं असतील,” तो म्हणाला. आणि तेवढ्यांत चेंडू पुन्हां नदींत गेल्याची हांक आली म्हणून पळाला.